चाळून घे की, अम्मी!

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून वाद नको. मी गणिताचा मास्तर आहे. पेठ वडगावच्या शाळेत पोरांना भूमिती शिकवतो आणि जे सिद्ध होत नाही ते फळ्यावरून पुसून टाकतो. तुमच्या या सदरातले अनुभव मी न चुकता वाचतो, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, माळावर भेटलेला म्हातारा… वाचायचं आणि बायकोला म्हणायचं, "ह्याला आदल्या रात्री मटण जड गेलेलं दिसतंय." आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती आतून हसतेय. हसू दे बापडी.

माझ्या अनुभवात रात्र नाही, स्मशान नाही, पिंपळ तर नाहीच नाही. रविवारची दुपार, लख्ख ऊन, खाली चुलीवर रस्सा उकळतोय आणि वर माडीवर तिशी ओलांडलेले तीन बाप्ये इंग्रजी गाण्यावर नाचतायत… असा सगळा थाट. भुताला यायला याहून गैरसोयीची जागा सापडणार नाही.

जागा कोल्हापूर. बिंदू चौकातून आत शिरलं की एका बोळाच्या टोकाला आमच्या सलीमचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर लाकडी फळ्यांची माडी. सलीमच्या वडिलांची बँड कंपनी होती, वरातीत वाजवणारी. माडीवर सगळं त्यांचंच सामान… भिंतीला टेकवलेला मोठा ढोल, पितळी ट्रम्पेटं, खुंट्यांवर लाल कोट आणि त्यांच्या सोनेरी झालरी. आणि एका टेबलावर रेकॉर्ड प्लेअर. तो चैनीसाठी नव्हता बरं का. नवीन सिनेमा लागला की लोकांना वरातीत त्यातलीच गाणी हवी असत. मग सलीमचे वडील, आमचे चाचा, ती रेकॉर्ड आणून, पुन्हापुन्हा ऐकून क्लॅरिनेटवर उतरवून घ्यायचे. सलीम त्याच बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. काडी हातात नसली तर मांडीवर, टेबलावर, आमच्या पाठीवर.

चौघं होतो आम्ही. सलीम सांगितला. दुसरा आदगोंडा, म्हणजे आमचा आद्या. जैनाघरचा पोरगा, शाहूपुरीत वडिलांचं गुळाचं अडत दुकान, अंगानं आडवा आणि मनानं अगदी मऊ. तिसरा सुऱ्या. आमच्यातला सगळ्यात हुशार, आज पुण्यात एका कारखान्यात इंजिनियर आहे. देव, भूत, कुंडली, अंगारा, कशावरच त्याचा विश्वास नाही. त्याच्यापुढे मी म्हणजे भाविक माणूस. चौथा मी, विज्या.

सत्तरच्या दशकातली पहिली वर्षं. आम्ही कॉलेजात. आद्याच्या वडिलांच्या ओळखीचा मुंबईत एक व्यापारी होता. त्याचा मुलगा फुटपाथवरून जुन्या इंग्रजी एलपी उचलायचा आणि कंटाळा आला की आद्याकडे धाडून द्यायचा. गूळ घेऊन गेलेला ट्रक परत येताना आमच्यासाठी रॉक म्युझिक घेऊन यायचा! पहिली रेकॉर्ड लावली तो दिवस मला आजही तसाच्या तसा आठवतो. भजनं, लावण्या आणि रेडिओवरची गोड गाणी ऐकून वाढलेले आमचे कान… आणि एकदम ते गिटार! अंगावर सर्रकन काटा आला. सुऱ्या उठून उभाच राहिला. आद्या म्हणाला, "आयला, ह्यो माणूस गातोय का भांडतोय?" आणि सलीम? त्याची बोटं मांडीवर चालू झाली होती.

मग काय, येडच लागलं. इंग्रजी नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून कव्हरवरच्या चित्रांवरून आम्ही आमची नावं पाडली. एकीवर पांढऱ्या शर्टावर जळका डाग होता, ती 'इस्त्री'. एकीवर जिन्यात बसलेलं बोकड, ती 'बोकड'. आणि आमची सगळ्यात लाडकी 'विहीर'… कव्हरवर एक काळा घोडा विहिरीत डोकावतोय. बाहेरचा कोणी ऐकेल तर म्हणेल ही पोरं शेतीवाडीच्या गप्पा मारतायत. "आज विहीर लावूया का?" "नको, परवाच विहीर झाली, आज बोकड!"

चाचांना आमचं संगीत म्हणजे रेडा ओरडल्यासारखं वाटायचं. पण कान कलावंताचे. एकदा इथंच, वडगावला, एका वरातीत पोरं नाचून दमली होती, वाद्यं थंडावली होती, आणि चाचांनी एकाएकी क्लॅरिनेटवर 'विहीर'ची ती गिटारची ओळ उचलली! सलीमनं मागून ड्रमवर असा काही कडकडाट केला की नवरदेवाची घोडी दोन पावलं मागे सरली. मग नवऱ्याचा मामा फेटा उडवून ओरडला, "पुन्यांदा वाजीव!" ती वरात मांडवात पोचेपर्यंत भटजी दोनदा बघून गेले म्हणे. आम्ही तिघं मागून पळत होतो, हसून हसून पोटात दुखेपर्यंत. कोल्हापूर जिल्ह्यात अशी वरात पुन्हा निघाली नाही, पैज लावायला तयार आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

'विहीर'च्या दुसऱ्या बाजूला एक ओरखडा होता. त्या जागी सुई हटकून अडकायची. तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. हातानं सुई उचलली तर नवा ओरखडा पडायची भीती. मग सलीमनं उपाय शोधला. खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक फळी सैल होती, तिच्यावर टाच आपटायची. फळी हलली की टेबल हलायचं, टेबल हललं की सुई ओरखडा ओलांडून पुढे. आम्हीही करून बघितलं. आम्ही आपटली तर सुई दोन ओळी पुढे, नाहीतर थेट मधल्या कागदावर जाऊन खरखरायची. सलीमचं तसं नव्हतं. तो थांबायचा, मांडीवर बोटं चालवायचा आणि नेमक्या ठेक्यावर… धप्! गाणं न लंगडता पुढे चालू. जणू मधे काही झालंच नाही.

आता त्या फळीच्या बरोब्बर खाली चाचीचं स्वयंपाकघर. टाच आपटली की फळीच्या फटीतून माती झरायची, ती थेट परातीत. की लगेच खालून चाची:

"सल्या, माती पडतीया रं पिठात!"

आणि वरून सलीम, सुईच्या पाठोपाठ, त्याच लयीत:

"चाळून घे की, अम्मी!"

घरात त्यांची बोली दख्खनी. पण आम्ही असलो की मायलेक मुद्दाम मराठीतून भांडायचे, आम्हाला मजा यावी म्हणून.

त्या वेळी एका यंत्रातून दुसऱ्यात वायर जोडून कॉपी करायची ते आम्हाला माहीतच नव्हतं. आद्या घरचा टेपरेकॉर्डर आणायचा, त्याचा माइक स्पीकरपुढे धरायचा आणि सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. किती रोखणार? त्यामुळे आमच्या कॅसेटवर 'विहीर' होती, आणि बोळातल्या भंगारवाल्याची आरोळी होती, आद्याची शिंक होती, सुई अडकणं होतं, धप् होतं, चाचीचं ओरडणं होतं आणि सलीमचं उत्तर होतं. आम्हाला गाणं तसंच पाठ झालं. पुढे सुऱ्यानं पुण्यात एका मित्राकडे मोठ्या स्टिरिओवर हीच एलपी ऐकली, नवी कोरी. तर तो म्हणतो, त्या जागी गाणं सरळ पुढे गेलं आणि मला चुकल्यासारखंच झालं… ह्या गोऱ्यांनी मधला भाग गाळलाय!

सलीम गेला. ऐन लग्नसराईत काविळीनं आठवड्याभरात गेला. यावर जास्त लिहवत नाही. काही वर्षांनी चाचाही गेले, बँड बंद पडला. सुऱ्या पुण्याला, मी वडगावला, आद्या गुळात. एलपी सगळ्या आद्याच्या कपाटात होत्या. कोणी लावल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत सुऱ्या आला होता. आद्यानं बातमी दिली, चाचीला तिची मुलगी मिरजेला घेऊन चाललीय, घर विकलं, आठवड्याभरात रिकामं करायचंय. आम्ही तिघं भेटायला गेलो. चाची खाटेवर बसली होती. गुडघ्यांनी छळ मांडलेला, जिना चढणं बंद. आम्हाला बघून तोंडभर हसली, एकेकाच्या तोंडावरून हात फिरवला. मग गप्पा मारता मारता म्हणाली,

"एक सांगू का रं? सल्याचा चेहरा हाय बघा डोळ्यासमोर. फोटो हाय, रोज बघती. पर आवाज… आवाज जाया लागलाय. लई आठवती, यीत न्हाय. तुमच्या त्या टेपमधी हुता न्हवं? एकदा ऐकवा की. ह्या घरात हाय तवर."

ती कॅसेट माझ्याकडे होती, शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी. पंचगंगेचं पाणी घरात शिरलं त्या साली खालचं कपाट चिखलानं भरलं, त्यात गेली. मी चाचीला तसं सांगितलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "नदीपुढं कुणाचं चालतंय?" आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला फार वाईट वाटलं. माणूस गेला ते गेला, त्याचा आवाजही आईच्या कानातून निघून चाललाय, आणि आम्ही तीन धटिंगण तिच्यापुढे नुसते बसलोय.

बोळात आल्यावर आद्या थांबला. "मी म्हणतो, कॅसेट गेली, एलपी हायत की! प्लेअर अजून माडीवरच हाय. उद्या लावूया सगळ्या. तीच माडी, तीच गाणी, खाली चाची. कुणी सांगावं, ऐकता ऐकता तिला आठवंल. टेपबी करूया, मिरजेला घिऊन जाईल."

सुऱ्या म्हणाला, "स्मृती अशी काम करत नाही, आद्या."

"तू ये नुसता," आद्या म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही एलपींचा गठ्ठा घेऊन हजर! चाचीनं तोवर जेवणाचा घाट घातलेला. आम्हा दोघांना तांबडा रस्सा, आद्याला अख्खा मसूर. इथे एक सांगायला हवं. आद्या त्या घरी जेवायला लागला तेव्हापासून त्याच्यासाठी एक वेगळं पितळी पातेलं होतं. त्यात मटण कधी शिजलं नाही. सलीम त्याबाबतीत भलताच कडक होता, स्वतः घासून ठेवायचा ते. आद्या म्हणायचा, असू दे रे, मला चालतंय. सलीम म्हणायचा, तुला चालत असंल, मला न्हाय चालत.

आम्ही माडीवर चढलो. सामानाची बांधाबांध झाली होती. बँडच्या लोखंडी ट्रंका खिडकीच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या, पार कौलांपर्यंत. टेबल मात्र होतं तिथंच. प्लेअरवरची धूळ झटकली, आद्यानं प्लग लावला, दिवा लागला… आणि आम्ही तिघंही एकदम "हेऽऽ!" करून ओरडलो. टेप चालू केला, माइक जुन्या जागी.

'इस्त्री' लावली आणि काय सांगू तुम्हाला! पहिल्या सुरालाच दहा-बारा वर्षं गळून पडली. सुऱ्या, जो कारखान्यात टाय लावून फिरतो, तो झाडू घेऊन गिटार वाजवायला लागला. आद्या मोठा ढोल ओढून बसला. प्रत्येक गाण्याला एकेक आठवण बाहेर पडत होती… हे गाणं चालू असताना सुऱ्याच्या वडिलांनी त्याला शोधत येऊन माडीवरून कान धरून नेलं होतं. ह्या गाण्यावर आद्यानं घरच्यांना न सांगता केस वाढवले आणि न्हाव्याकडे धरून नेल्यावर रडला होता. 'बोकड'च्या शेवटी जे ड्रम वाजतात ते सलीमनं तीन आठवडे ट्रंकेवर बडवून बसवले होते. आम्ही ओरडत होतो, एकमेकांचं वाक्य तोडत होतो, घामानं निथळत होतो. खालून मसाल्याचा वास आणि मधेच चाचीचा आवाज, "वाजवा वाजवा, घर जाणारच हाय!"

शेवटी 'विहीर'. पहिली बाजू झाली. दुसरी लावली, आणि हळूहळू आमचा आवाज खाली आला. तिघांनाही माहीत होतं काय येणार आहे ते. आद्यानं ढोलावरचे हात काढून घेतले.

सुई अडकली.

तीच ओळ. पुन्हा तीच. पुन्हा.

"विज्या, हाण की," सुऱ्या हळूच म्हणाला.

"तू हाण."

कोणी पाय उचलेना. ते काम आमचं नव्हतंच कधी. आद्या तर जमिनीकडे बघत बसला होता. ओळ फिरतेय, फिरतेय… आता उठून सुई उचलावी असं मनात आलं, आणि

धप्!

कोपऱ्यातून. ट्रंकांच्या बाजूनं. सुई सरकली आणि गाणं पुढे गेलं. लंगडलं नाही, एक ठोकाही चुकला नाही. आणि त्याच क्षणी खालून, अगदी पूर्वीच्या दणदणीत आवाजात:

"सल्या, माती पडतीया रं पिठात!"

आम्ही तिघांनी एकमेकांच्या पायांकडे बघितलं. सुऱ्या टेबलाच्या अलीकडे, हातात झाडू. आद्या ढोलामागे मांडी घालून. मी भिंतीला टेकून. माझ्या अंगावरचे केस असे उभे राहिले की काय सांगू. भीती नव्हती हो ती! पहिल्यांदा ते गिटार ऐकलं तेव्हा झालं होतं तसंच काहीतरी. मी जिन्यावरून धावत सुटलो, दोन-दोन पायऱ्या गाळून.

स्वयंपाकघरात परात तशीच, पिठावर मातीची एक पट्टी. आणि गुडघ्यांमुळे खाटेवरून उठायला कुरकुरणारी चाची चक्क जमिनीवर बसून बांधलेलं पोतं सोडत होती. कपबश्या, ताटं, वाट्या बाहेर काढत होती.

"चाची, काय करताय?"

"आद्याचं भांडं काढतीया." मान वर न करता म्हणाली. "गडबडीत मटणाच्याच पातेल्यात मसूर टाकाय निघालते मी. ध्यानातच न्हाय आलं. तेवढ्यात बोंबललाच न्हवं त्यो वरनं… 'चाळून घे की, अम्मी, आन् आद्याचं भांडं पोत्यात हाय!' हे बघ, हितंच हाय की."

आणि पितळी पातेलं हातात धरून तिनं माझ्याकडे बघितलं. मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं असावं. पण रडली नाही. हसली हो! लहान पोरीसारखी हसली. "त्योच रं. त्योच आवाज. जरा घोगरा, सर्दी झाल्यावानी. कसा इसरलते मी?"

आम्ही वर कसलाही आवाज ऐकला नव्हता. गाणं मोठ्यानं चालू होतं. पातेलं तिच्या हातून घेतलं, मोरीत नेऊन घासलं, चुलीवर ठेवलं.

वर सुऱ्याचे प्रयोग सुरू झाले होते. त्याला गप्प बसवत नव्हतं. आधी रिकाम्या फळ्यांवर टाच आपटून बघितली… माती पडली, पण दाराजवळ पडली आणि सुई भलतीकडेच उडाली. मग त्यानं आणि आद्यानं घाम गाळत सगळ्या ट्रंका हलवल्या. खाली ती सैल फळी. तिच्यावर कोणाचा पाय पडणं सोडा, मांजर शिरायला जागा नव्हती. सुऱ्यानं तिच्यावर टाच आपटली. "पडली का रं?" वरून ओरडला. पडली. नेमकी परातीत, पहिल्या पट्टीवरच. चाची म्हणाली, "आता बास कर की, कितीदा चाळू?"

बाहेरून ट्रक गेला असेल? त्या बोळात हातगाडी वळायची मारामार. उंदीर? उंदरानं ठेका धरून उडी मारली म्हणायचं का? ट्रंका आपल्या वजनानं खचल्या असतील? असतील. नेमक्या त्याच वेळी. मी स्वतःच स्वतःशी हुज्जत घालत होतो.

मग चाचीच म्हणाली, "टेप चालू हुती न्हवं? आलं असंल की त्यात!"

टेपरेकॉर्डर खाली आणला. चौघं त्याच्याभोवती गोळा झालो, डोक्याला डोकी लावून. आद्यानं मागे नेली, पुढे नेली, पुन्हा मागे. आमचा दंगा… मग शांतता… सुई अडकली… "हाण की"… "तू हाण"… धप्! होतं, धप् स्पष्ट होतं! गाणं पुढे गेलं. खालून लांबून चाची, "माती पडतीया रं पिठात!" आणि त्याच्यापुढे…

गिटार. नुसतं गिटार.

मी आद्याकडे बघितलं, त्यानं हळूच मान हलवली. पण चाचीचा चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. "हा! हा बघा! आइकलासा?"

"व्हय, चाची," सुऱ्या म्हणाला. "आइकलं."

मग मीही म्हणालो व्हय, आद्याही म्हणाला. काय करणार? चाचीनं पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा, पुन्हा. दर वेळी त्या जागी हसायची. मग जेवलो. रस्सा असा झाला होता की दोघांनी वाढून वाढून घेतला. आद्यानं त्याचं पितळी पातेलं पुसून संपवलं. चाचीनं आग्रह करून वाढलं, पण पोत्याबद्दल एक अक्षर बोलली नाही आणि मीही बोललो नाही. आद्याला उगीच वाटायला नको, की आज त्याच्या ताटात काय येणार होतं.

निघताना आद्या स्कूटर काढायला पुढे गेला. सुऱ्यानं मागून माझा दंड धरला.

"विज्या, मगाशी चाचीला व्हय म्हणलो न्हवं मी…"

"बरं केलंस. मीबी म्हणलो की."

"मी खोटं न्हाय बोललो."

मी थांबलो.

"मला आलं ऐकायला. टेपवर. 'चाळून घे की, अम्मी.' आता हे आपल्याला पाठच हाय, म्हणून मला भास झाला असंल, असं धरून सोडून देणार हुतो. पर त्याच्या फुडं आणि एक हाय. ते पाठ न्हवतं कधी." "'आद्याचं भांडं पोत्यात हाय.' हे काय असतंय, मर्दा? कसलं पोतं?"

सुऱ्या, जो अंगारा लावलेल्या माणसाशी वाद घालतो, तो बिंदू चौकाच्या तोंडाशी भर दुपारी मला हे विचारत होता. तो खाली आला तेव्हा पातेलं चुलीवर होतं आणि पोतं मी पुन्हा बांधून कोपऱ्यात सारलं होतं. त्यातून काय निघालं हे चाचीनं सांगितलं होतं ते एकट्या मला.

मी त्याला सगळं सांगितलं. मग आम्ही आद्याला सांगितलं, कारण लपवून ठेवणं शक्यच नव्हतं. आद्या स्कूटरवर बसला होता. त्यानं ती पुन्हा स्टँडला लावली, उतरला, आणि एवढा आडवा माणूस भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "अजून घासून ठेवतंय बघा बेणं." आणि हसायला लागला. आम्ही तिघंही हसायला लागलो, येड्यासारखे, लोक बघत होते.

चाची मिरजेला सुखात आहे. कॅसेट तिच्याकडे आहे, तिची मुलगी सांगते की रोज लावते. आद्याचं पातेलंही ती बरोबर घेऊन गेली. त्या बोळात आता दुसरी इमारत उभी राहतेय.

मला याचं स्पष्टीकरण देता येत नाही. मी मांडणी करून बघितली, एकेक शक्यता खोडून बघितली, शेवटी खाली काही उरतच नाही. कोणी सांगितलं तर ऐकायला तयार आहे. पण एका गोष्टीचा मला राग येतो, तोही प्रामाणिकपणे लिहितो. चाचीला आलं, ते ठीक. ती आई आहे. सुऱ्याला, कशालाच न मानणाऱ्या त्या माणसाला आलं! आणि मला नाही. माझ्याकडे त्या कॅसेटची कॉपी आहे. दर रविवारी दुपारी लावतो. धप् येतं, चाची येते आणि मग गिटार. पुण्याहून सुऱ्या सांगतो, आवाज वाढव, अजून वाढव. बायको आतून ओरडते, शेजारी तक्रार करतील म्हणून.

मी वाढवतो. ती जागा जवळ आली की दोन्ही पाय जमिनीला टेकवून, अजिबात न हलता बसतो.